दुरुस्ती प्रतीवर की मुळावर?

संगणक वर्गातील पाठ (इयत्ता ८ वी ते ११ वी)



क्रीडादिनाला गुणफलकाचे काम यंदा आपल्या संगणक वर्गातील मुलांनी अंगावर घेतले होते. चार रंगांचे चार गट, प्रत्येक स्पर्धेचे गुण आणि शेवटी रिले जिंकणाऱ्या गटाला २० गुणांचा बोनस. मुलांनी स्विफ्ट भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला. रिले सुरू होण्यापूर्वी हिरव्या गटाचे १३० आणि निळ्या गटाचे १२० गुण होते. रिले निळ्या गटाने जिंकली. पडद्यावर १४० हा आकडा उमटला आणि निळ्या गटाने एकच जल्लोष केला. पण पुढच्याच क्षणी अंतिम यादी आली, तिच्यात पहिला हिरवा गट १३० आणि दुसरा निळा गट १२०!

मुख्याध्यापकांनी ढाल हातात घेतली होती. तेवढ्यात गुणलेखनाच्या टेबलावर वही-पेन्सिल घेऊन बसलेली आठवीतील मुलगी उठून म्हणाली, "सर, माझ्या वहीत निळ्याचे १४० आहेत." बेरीज पुन्हा केली, वही बरोबर निघाली आणि ढाल योग्य हातांत गेली. प्रोग्राम लिहिणारा मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "सर, मशीन चुकलं." मशीन चुकले नव्हते. त्याला जे सांगितले तेच त्याने केले होते. चूक त्याची जितकी, तितकीच माझीही. आदल्या दिवशी प्रोग्राम मीच तपासला होता, आणि पडद्यावर १४० दिसताच समाधान मानून उठलो होतो.

ही चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे, हाच आजचा पाठ.

एक सूचना. अंकाच्या छपाईत सर्वत्र देवनागरी असल्याने आज्ञाही देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर 'फंक', 'व्हार', 'लेट' या आज्ञा रोमन अक्षरांत आणि अंक इंग्रजी पद्धतीने टंकावेत. मात्र व्हेरिएबलना आणि फंक्शनना दिलेली 'गुण', 'निळा' अशी नावे स्विफ्टमध्ये देवनागरीतच लिहिली तरी चालतात. मराठी शाळेतील मुलांना ही मोठीच सोय आहे.

१. मूल्य-प्रकार म्हणजे काय?

समजा, तुमच्याकडे एक गुणपत्रक आहे. मित्राने ते मागितले. तुम्ही झेरॉक्स काढून दिलीत. मित्राने झेरॉक्सवर पेनने काहीही लिहिले, तरी तुमच्या मूळ गुणपत्रकातील एक अक्षरही बदलत नाही. स्विफ्टमधील मूल्य-प्रकार असेच वागतात.

व्हार निळा = १२०
व्हार प्रत = निळा
प्रत += २०

आता 'प्रत' १४० आहे, पण 'निळा' १२० च आहे. पूर्णांक, दशांश संख्या, खरे-खोटे, स्ट्रिंग, अ‍ॅरे, डिक्शनरी, सेट, तसेच आपण स्वतः बनवलेले स्ट्रक्ट आणि इनम, हे सारे स्विफ्टमध्ये मूल्य-प्रकार आहेत. इतर भाषांकडून आलेल्यांना अ‍ॅरेचे विशेष नवल वाटते. जावा किंवा पायथनमध्ये एक यादी दोन नावांना जोडली तर यादी एकच राहते; एका नावाने बदल केला की तो दुसऱ्या नावालाही दिसतो. स्विफ्टमध्ये दोन्ही याद्या स्वतंत्र होतात.

मग दहा हजार नोंदींची यादी दर वेळी पूर्ण उतरवायची म्हणजे केवढा वेळ जाईल, असा प्रश्न पडेल. स्विफ्ट तसे करत नाही. दोन्ही नावे आतून एकाच साठ्याकडे बोट दाखवतात आणि कोणी एक बदल करायला गेला की तेव्हाच खरी प्रत काढली जाते. झेरॉक्स मागितली की लगेच कागद खर्च करायचा नाही, पेन उचलल्यावर करायचा, अशी ही काटकसर आहे. आपल्या दृष्टीने मात्र पहिल्यापासूनच दोन वेगळ्या प्रती आहेत असे समजून चालावे.

२. फंक्शनच्या दारात काय होते?

मुलांनी पहिल्यांदा लिहिलेले फंक्शन असे होते:

फंक बोनसद्या(गुण: इंट) {
    गुण += २०
    प्रिंट(गुण)
}

कंपायलरने ते नाकारले. त्याच्या संदेशाचा भावार्थ असा: 'ज्यात बदल करायचा आहे ते बदलण्याजोगे नाही, गुण हा लेट स्थिरांक आहे.' हे शब्द नीट वाचा. फंक्शनच्या कंसात आलेला पॅरामीटर आत स्थिरांक असतो. तो वाचता येतो, पण बदलता येत नाही.

या ठिकाणी थांबून विचार करायला हवा होता. पण उद्यावर क्रीडादिन! कोणीतरी युक्ती काढली आणि फंक्शन असे झाले:

फंक बोनसद्या(गुण: इंट) {
    व्हार गुण = गुण
    गुण += २०
    प्रिंट(गुण)
}

बोनसद्या(गुण: निळा)

तक्रार थांबली, प्रोग्राम चालला आणि १४० छापले गेले. सगळे खूश. प्रत्यक्षात काय घडले? 'व्हार गुण = गुण' या ओळीने आतल्या आत 'गुण' नावाचे दुसरे, बदलता येणारे व्हेरिएबल तयार केले. नाव तेच असल्याने बाहेरून आलेला पॅरामीटर त्याच्या आड झाकला गेला. २० गुण या नव्या प्रतीत मिळवले गेले, प्रतीचेच मूल्य छापले गेले आणि फंक्शन संपताच प्रतही नाहीशी झाली. बाहेरच्या 'निळा'ला याचा पत्ताही नाही. अंतिम यादी 'निळा' वाचूनच तयार होत होती, म्हणून तिथे १२० दिसले.

म्हणजे कंपायलरने बरोबर जागी बोट ठेवले होते. आपण त्याचा प्रश्न न सोडवता फक्त त्याचे तोंड बंद केले.

३. थोडा इतिहास

हा गोंधळ आपल्याच मुलांचा होतो असे नाही. अ‍ॅपल कंपनीने स्विफ्ट भाषा २ जून २०१४ रोजी जाहीर केली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पॅरामीटरच्या नावामागे 'व्हार' लिहिण्याची मुभा होती. तसे लिहिले की पॅरामीटर फंक्शनच्या आत बदलता येई, पण बदल होई तो केवळ आतल्या प्रतीत. त्याच भाषेत 'इनआउट' हा दुसरा शब्दही होता आणि त्याने मात्र बाहेरचे मूळ व्हेरिएबल बदलत असे. दोन्ही शब्द एकाच जागी लिहिले जात, त्यामुळे शिकणारे फसत. 'व्हार' लिहिले म्हणजे मूळही बदलेल, असे त्यांना वाटे.

त्यातून पास्कल शिकलेल्यांची पंचाईत आणखी वेगळी. निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत पॅरामीटरमागे 'व्हार' लिहिले की बाहेरचे मूळ व्हेरिएबलच बदलते. शब्द एकच, पण दोन भाषांत अर्थ अगदी उलट!

३ डिसेंबर २०१५ रोजी स्विफ्टचा मूळ संकेत सर्वांसाठी खुला झाला. भाषेतील बदलांचे प्रस्ताव क्रमांक देऊन मांडले जाऊ लागले. त्यांतला तिसराच प्रस्ताव पॅरामीटरमागचा 'व्हार' काढून टाकावा, हा होता. मार्च २०१६ मधील २.२ आवृत्तीत त्याबद्दल इशारा मिळू लागला आणि सप्टेंबर २०१६ मधील तिसऱ्या आवृत्तीत तो शब्द त्या जागेवरून गेला. याच आवृत्तीत 'इनआउट'ची जागाही बदलली. पूर्वी तो पॅरामीटरच्या नावाआधी लिहीत, आता प्रकाराच्या आधी लिहितात. जुन्या पुस्तकांतील उदाहरणे आज चालत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

भाषेने जो गोंधळ मोडीत काढला, तोच आपण 'व्हार गुण = गुण' लिहून हाताने परत आणला होता.

४. योग्य मार्ग कोणते?

पहिला मार्ग: नवे मूल्य परत द्या.

फंक बोनससह(गुण: इंट) -> इंट {
    रिटर्न गुण + २०
}

निळा = बोनससह(गुण: निळा)

फंक्शन कोणाच्याही वहीत हात घालत नाही. हिशेब करून उत्तर हातात देते, आणि ते कुठे लिहायचे हे मागणारा ठरवतो. नवशिक्यांनी आधी हाच मार्ग धरावा. वाचायला सोपा, तपासायला सोपा.

दुसरा मार्ग: इनआउट.

फंक बोनसद्या(गुण: इनआउट इंट) {
    गुण += २०
}

बोनसद्या(गुण: &निळा)

आता 'निळा' खरोखर १४० होतो. इथे दोन खुणा आहेत, त्या पाहा. फंक्शनच्या व्याख्येत 'इनआउट' आहे. म्हणजे 'मी तुमचे मूळ बदलणार' असे फंक्शन आधीच सांगते. बोलावताना 'निळा'च्या आधी & हे चिन्ह आहे; म्हणजे 'बदल, माझी हरकत नाही' असे बोलावणारा सांगतो. दोहोंपैकी एक खूण जरी राहिली, तरी कंपायलर पुढे जाऊ देत नाही.

मोठ्या वर्गांत सी-प्लस-प्लस शिकलेल्यांनी तुलना करावी. तिथे हेच चिन्ह फंक्शनच्या व्याख्येत असते, बोलावण्याच्या ओळीत काहीच दिसत नाही. नुसती ती ओळ वाचून मूळ बदलणार की नाही, हे कळत नाही. स्विफ्टमध्ये ते ओळीवरच दिसते.

तिसरा मार्ग: स्ट्रक्टचे स्वतःचे म्युटेटिंग फंक्शन.

स्ट्रक्ट गट {
    लेट नाव: स्ट्रिंग
    व्हार गुण: इंट
    म्युटेटिंग फंक बोनसद्या() {
        गुण += २०
    }
}

व्हार निळा = गट(नाव: "निळा", गुण: १२०)
निळा.बोनसद्या()

गुण हे गटाचेच असल्याने ते बदलण्याचे कामही गटाकडेच सोपवले. 'म्युटेटिंग' हा शब्द नसेल तर स्ट्रक्टचे फंक्शन स्वतःच्याच गुणांना हात लावू शकत नाही. 'निळा' हा 'लेट'ने बनवला असेल तरीही हे फंक्शन त्याच्यावर चालणार नाही. क्रीडादिनाचा प्रोग्राम आम्ही शेवटी याच पद्धतीने दुरुस्त केला.

५. मग आतली प्रत कधीच काढू नये का?

तसे नाही. कधी कधी प्रतच हवी असते. गणितात तुम्ही मसावि शिकलात. युक्लिडच्या भागाकार पद्धतीत दोन्ही संख्या पायरीपायरीने लहान होत जातात:

फंक मसावि(अ: इंट, ब: इंट) -> इंट {
    व्हार अ = अ
    व्हार ब = ब
    व्हाईल ब != ० {
        लेट बाकी = अ % ब
        अ = ब
        ब = बाकी
    }
    रिटर्न अ
}

८४ आणि ३६ घ्या. ८४ ला ३६ ने भागून बाकी १२. ३६ ला १२ ने भागून बाकी ०. म्हणून मसावि १२. इथे आतल्या प्रती म्हणजे कच्च्या कामाचा कागद. ज्याने मसावि विचारला त्याचे ८४ आणि ३६ जागच्या जागी राहिलेच पाहिजेत. तीच 'व्हार' ओळ इथे योग्य आहे आणि बोनसच्या फंक्शनमध्ये घातक होती. फरक ओळीत नाही, हेतूत आहे. इथे उत्तर 'रिटर्न'ने बाहेर येते. तिथे ते आतच राहून गेले.

६. इनआउटचे नियम

आतून हा व्यवहार असा समजावा. आत शिरताना मूल्याची प्रत घेतली जाते, सारे बदल तिच्यावर होतात आणि फंक्शन संपताना तिचे मूल्य मूळ जागी परत लिहिले जाते. म्हणजे एखादे पुस्तक घरी नेऊन, दुरुस्त करून, परत त्याच फळीवर ठेवण्यासारखे. वेग वाढवण्यासाठी कंपायलर कधी थेट मूळ जागेवरच काम करतो, पण तुम्ही प्रोग्राम लिहिताना त्यावर विसंबू नये. यातून पुढील नियम सहज कळतात:

• & लावून फक्त 'व्हार' देता येतो. 'लेट' किंवा नुसता १२० हा आकडा देता येत नाही. परत लिहायला तिथे बदलण्याजोगी जागाच नाही.

• इनआउट पॅरामीटरला आधीच ठरवलेले मूल्य ठेवता येत नाही.

• एकच व्हेरिएबल एकाच वेळी दोन इनआउट पॅरामीटरना देता येत नाही. दोघांनी एकच पुस्तक नेले, तर परत आलेले कोणाचे धरायचे? २०१७ मधील चौथ्या आवृत्तीपासून हा नियम कसोशीने पाळला जातो. म्हणूनच एका अ‍ॅरेतील दोन घटकांची अदलाबदल करण्यासाठी त्याच आवृत्तीत 'स्वॅपअ‍ॅट' ही वेगळी सोय दिली गेली.

७. आणखी दोन खड्डे

पहिला 'फॉर' लूपचा. सर्व गटांना शिस्तीचा बोनस द्यायचा म्हणून कोणी असे लिहील:

फॉर व्हार ग इन सगळेगट {
    ग.बोनसद्या()
}

'फॉर'मध्ये 'व्हार' लिहिण्याची मुभा आजही आहे. पण 'ग' ही प्रत्येक गटाची प्रत आहे. लूप संपल्यावर 'सगळेगट' जसेच्या तसे! अ‍ॅरेतील मूळ घटकालाच हात घालायचा तर क्रमांकाने जावे:

फॉर क्र इन सगळेगट.इंडायसेस {
    सगळेगट[क्र].बोनसद्या()
}

दुसरा खड्डा क्लासचा. क्लास हा मूल्य-प्रकार नाही, संदर्भ-प्रकार आहे. फंक्शनला क्लासची वस्तू दिली की झेरॉक्स जात नाही, तर 'वस्तू अमुक ठिकाणी आहे' हा पत्ता जातो. पॅरामीटर स्थिरांक असतो याचा अर्थ पत्ता बदलता येत नाही इतकाच. त्या पत्त्यावर जाऊन आतले गुण मात्र बदलता येतात, आणि तेही 'इनआउट' व & शिवाय. 'स्ट्रक्ट'च्या जागी 'क्लास' लिहून आमचे फंक्शन कदाचित चालून गेले असते. पण मग प्रोग्राममधील कोणतेही फंक्शन कोणत्याही गटाचे गुण परस्पर बदलू शकले असते. गुणांच्या नोंदीला ते परवडणारे नाही.

८. पालक आणि विश्वस्त यांच्यासाठी

शाळेच्या हजेरीपटात किंवा संस्थेच्या रोकडवहीत खाडाखोड चालत नाही, हे आपण जाणता. आकडा बदलायचा तर जुन्या आकड्यावर आडवी रेघ, शेजारी नवा आकडा आणि जबाबदार व्यक्तीची सही. वहीच्या झेरॉक्सवर केलेली दुरुस्ती कोणी मान्य करत नाही, आणि मूळ वहीत गुपचूप केलेली तर मुळीच नाही. आमच्या प्रोग्राममध्ये पहिला प्रकार घडला. दुसरा घडू नये म्हणून स्विफ्टने 'इनआउट' आणि & अशी दोन्ही बाजूंची सही मागितली आहे. मुले हे शिकतात तेव्हा ती केवळ एक संगणक भाषा शिकत नाहीत. नोंद बदलण्याचा अधिकार कोणाचा, आणि बदल झाला हे पाहणाऱ्याला कळावे कसे, याचीही सवय त्यांना लागते.

स्विफ्ट शिकायला महागडे यंत्र हवेच असेही नाही. सप्टेंबर २०२० मधील ५.३ आवृत्तीपासून ती विंडोजवर अधिकृतपणे उपलब्ध आहे, लिनक्सवरही चालते आणि तिच्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणि एक तपासणीचा नियम, जो मी स्वतःसाठीही लिहून ठेवला आहे: फंक्शनने आत काय छापले त्यावर विश्वास ठेवू नये. फंक्शन संपल्यावर बाहेरचे मूळ मूल्य छापून पाहावे. त्या दिवशी आदल्या संध्याकाळी एवढे केले असते, तर मैदानावर ती वेळ आली नसती.

स्वाध्याय

१. 'व्हार अ = ५' आणि 'व्हार ब = अ' लिहून 'ब' मध्ये ३ मिळवले. आता 'अ' किती?

२. 'लेट निळा = १२०' असे लिहून 'बोनसद्या(गुण: &निळा)' असे बोलावले. काय होईल?

३. नावांचा अ‍ॅरे घेऊन त्याच्या शेवटी एक नाव जोडणारे फंक्शन दोन प्रकारे लिहा: एकदा 'रिटर्न' वापरून, एकदा 'इनआउट' वापरून.

४. वरील मसाविच्या फंक्शनमध्ये 'अ' आणि 'ब' इनआउट केले, तर विचारणाऱ्याच्या ८४ आणि ३६ चे काय होईल? आतल्या दोन 'व्हार' ओळी काढल्या आहेत असे धरा.

उत्तरे: (१) ५. (२) कंपायलर नाकारेल. स्थिरांकात परत लिहिता येत नाही. (३) वर्गात तपासून घ्यावे. (४) ८४ च्या जागी १२ आणि ३६ च्या जागी ० होतील. उत्तर बरोबर येईल, पण विचारणाऱ्याच्या संख्या गमावल्या जातील.

ता. क. पुढच्या क्रीडादिनालाही गुणफलक मुलांच्या प्रोग्रामवरच चालेल. शेजारी वही-पेन्सिलही असेल, आणि तिच्यामागे तीच मुलगी बसेल. यंदापासून ती संगणक वर्गातही आली आहे.